चिंधी बांधलेला गोलकीपर

श्रावण लागला की अमरावतीत माझ्या दारात दोन हाका येतात. एक आघाडा-दुर्वा विकणाऱ्या बाईची, गल्लीच्या तोंडापासून ऐकू येणारी. दुसरी फोनवर, आवाज न करता: नवा मोसम सुरू होतो आहे, आपला संघ निवडा. पहिलीला मी लगेच ओ देते. दुसरीला यंदा चार दिवस ओ दिली नाही, फोन पालथा घालून ठेवला. आठवी ते दहावीच्या पोरांना गणित शिकवणारी, पंचेचाळिशी उलटलेली बाई मोबाइलवरच्या फुटबॉलला घाबरते, हे कोणाला सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहिते आहे.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांना थोडक्यात सांगायला हवं. इंग्लंडात ऑगस्टपासून मे महिन्यापर्यंत दर आठवड्याला फुटबॉलचे खरे सामने होतात. आपण घरी बसून त्या खेळाडूंमधून पंधरा जण निवडायचे, ठरवून दिलेल्या रकमेत बसतील असे. अकरा मैदानात, चार बाकावर. तिकडे आपल्या माणसानं गोल केला, गोल अडवला, की इकडे आपल्याला गुण. एकाला कर्णधार करायचं, त्याचे गुण दुप्पट. आठवड्याला एक माणूस फुकट बदलता येतो. त्याहून जास्त बदलले तर दर माणसामागे चार गुण कापले जातात. हे सगळं शनिवारी तिकडचा पहिला सामना सुरू व्हायच्या आत उरकायचं, म्हणजे आपल्याकडच्या दुपारी साडेतीनपर्यंत. हिवाळ्यात त्यांची घड्याळं तासभर मागं जातात, मग साडेचारपर्यंत. शनिवारी आमची शाळा सकाळची. नवरा नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात ड्यूटीवर. शनिवारची दुपार माझी एकटीची असते, आणि गेली काही वर्षं ती मी या खेळाला दिलेली आहे.

दुपार एकटीची असली तरी संघ कधीच एकटीचा नव्हता. तो तिघांचा होता. माझे बाबा, धाकटा भाऊ प्रमोद आणि मी. एकच खातं, एकच पासवर्ड, आणि तो पासवर्ड म्हणजे आमच्या विहिरीवरच्या जुन्या मोटरच्या कंपनीचं नाव आणि तिचा हॉर्सपॉवर. चोरालाही सुचला नसता.

बाबा पातूरचे फूलवाले. डोंगराच्या पायथ्याशी आमचं तीन एकर वावर आहे. झेंडू, शेवंती, निशिगंध. पहाटे तोडणी, आणि दिवस वर यायच्या आत अकोल्याच्या फुलबाजारात हर्रास, म्हणजे लिलाव. तरुणपणी बाबा हर्रास आटोपली की घरी न येता अकोल्यातच थांबत आणि दुपारी मैदानावर फुटबॉल खेळत. ते गोलकीपर होते. रिकामं टोपलं गोलच्या मागे ठेवायचे, चपला त्यात, आणि अनवाणी उभे राहायचे. उजव्या हाताची करंगळी कायमची वाकडी झालेली होती. ती ते आम्हाला फार मानानं दाखवत. "बॉल अडला, बोट गेलं," एवढीच त्या बोटाची गोष्ट होती. कोणाविरुद्ध, कोणत्या सामन्यात, हे कधी कळलं नाही.

गुडघे थकल्यावर प्रमोदनं त्यांना फोनवर हा खेळ दाखवला. परदेशी नावं काही त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी खेळाडूंची नव्यानं बारशी केली. एक उंच फॉरवर्ड होता, तो 'बांबू'. डाव्या पायानं खेळणारा तो 'डावऱ्या'. आणि कुठल्याशा मध्यम दर्जाच्या संघाचा एक टकला, वय झालेला गोलकीपर होता, तो 'म्हातारा'. या म्हाताऱ्यावर बाबांचा जीव होता. त्याला त्यांनी चिंधी बांधली होती.

चिंधीचं सांगते. झेंडूच्या वाफ्यात सगळ्यात भरदार अशी चार-दोन फुलं बियासाठी राखतात. तोडणीच्या बाया भराभर हात चालवतात. त्यांच्या हाताला ते फूल लागू नये म्हणून त्याच्या देठाला लाल कपड्याची चिंधी बांधून ठेवतात. भाव कितीही चढो, चिंधीचं फूल तोडायचं नाही. ते झाडावरच वाळतं आणि पुढच्या वर्षीचं वावर त्यातून निघतं. बाबांनी हा नियम जसाच्या तसा फोनमध्ये आणला. पंधरांतला एक जण चिंधीचा. मोसमभर त्याला कोणी हात लावायचा नाही, तो खेळो, बसो, पडो.

मी वाचणारी बाई. या खेळात लोक कुठं कुठं चुकतात यावर जगभर लिहिलेलं सापडतं, आणि मी ते शोधून वाचत असे, वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेत असे. जवळजवळ सगळ्यांनी एक चूक पहिल्यांदा सांगितलेली: कोणत्याही खेळाडूच्या प्रेमात पडू नका. मी बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते हसले.

"असंन," म्हणाले. "पन वावरात एक तरी असा पायजे, सुमन, का ज्याले इकाचं नाई."

बाकीच्या चुका त्यांना वाचल्याशिवायच माहीत होत्या. मागच्या आठवड्यात एखाद्यानं तीन गोल मारले की सगळं जग त्याला घ्यायला धावतं आणि पुढच्या आठवड्यात तो पठ्ठ्या काहीच करत नाही. मीही धावायची. बाबा म्हणायचे, "मांगच्या दसऱ्याले झेंडूले भाव भेटला म्हनून औंदा साऱ्यायनं झेंडू लावला. काय झालं? रस्त्यावर ओतून आले. ते तीन गोल, तो ज्याच्याजवळ होता त्याले भेटले. तुले नाई भेटत आता." सारखी माणसं बदलत राहणं ही दुसरी चूक. त्यावर त्यांचं उत्तर: "आज रोप लावलं अन् उद्या उपटून पायलं का मुळं धरली का. धरन का ते?" त्यांच्या काळात आमचा संघ काही फार वर नसायचा. पण शनिवारी दुपारी तीन ठिकाणी तीन माणसं एकाच गोष्टीचा विचार करत असायची. प्रमोद जेवून ओट्यावर आडवा झालेला, बाबा बाजेवर, मी इथे. "ताई, डावऱ्याले ठेवू का काढू?" असा फोन यायचा आणि अर्धा तास भांडण व्हायचं.

गेल्या वर्षी वैशाखात बाबा गेले. मोसमाचे दोन आठवडे शिल्लक होते. तेराव्याच्या दिवशी पंगती उठल्या, माणसं पांगली, आणि मी मागच्या ओट्यावर भांडी मोजत बसले होते. प्रमोद येऊन शेजारी बसला. डोकं भादरलेलं, त्यामुळे एकाएकी लहान दिसत होता. मग म्हणाला, "ताई, शनिवार आहे. कॅप्टन कोन ठेवू?"

मी म्हटलं, "म्हाताऱ्याले ठेव."

गोलकीपरला कर्णधार करणं हा शुद्ध वेडेपणा असतो. आम्ही तो केला. किती गुण मिळाले ते मला आठवत नाही. पण त्या दुपारी मला वाटलं होतं की बाबांच्या मागं घर उभं राहील. हे मी स्पष्टच लिहिते, कारण पुढं जे झालं ते त्यामुळेच जास्त लागलं.

ऑगस्टमध्ये आम्ही दोघांनी फोनवर नवा संघ उभा केला. म्हातारा होताच. त्याचं वय अडतीस झालेलं, उडी आखूड झालेली. राखीव गोलकीपर नियमाप्रमाणे घ्यावाच लागतो; तो आम्ही सगळ्यात स्वस्तातला, कधीच मैदानात न उतरणारा घेतला, म्हणजे उरलेली रक्कम पुढच्या फळीला वापरता येते. हा हिशेब माझा. चिंधी प्रमोदची.

मग दसरा आला. दर दसऱ्याला पातूरहून माझ्याकडे झेंडूचं गठोडं येतं. अकोल्यापर्यंत प्रमोद स्वतः आणतो, तिथून अमरावतीच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतो, आणि मी स्टँडवर जाऊन उतरवून घेते. गेल्या वर्षी घरी येऊन गठोडं सोडलं, फुलं सुपात ओतली, आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद निघाला. पिशवीचं तोंड नीट बांधलेलं नव्हतं. फुलांचा ओलावा आत गेला होता आणि कागदाच्या कडेला केशरी डाग पडला होता.

हक्कसोडपत्राचा मसुदा होता तो. वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर तीन नावं लागली होती: माय, प्रमोद आणि मी. त्यातलं माझं नाव मी राजीखुशीनं काढून घेते आहे, असं त्यात माझ्या तोंडून टाइप केलेलं होतं. जिथं सही करायची तिथं पेन्सिलीनं छोटी फुली मारलेली. सोबत चिठ्ठी नाही. आधी फोन नाही, नंतरही नाही.

आमच्याकडे बहिणी हा कागद देतात. माझ्या आत्यांनी दिला, शाळेतल्या दोघी-तिघींनी दिला, कोणी रडत, कोणी साडी घेऊन, कोणी नुसतंच चहा पिऊन. मलाही जमीन नको होती. पातूरला जाऊन मी काही निशिगंध लावणार नव्हते. त्यानं समोर बसून विचारलं असतं तर मी त्याच्या पेनानं सही केली असती, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. मला विचारायला हवं होतं. कॅप्टन कोण ठेवू हे तेराव्याच्या दिवशीही विचारणारा माझा भाऊ हे मात्र गठोड्याच्या तळाशी घालून पाठवतो, हे माझ्या काळजाला घरं पाडून गेलं.

"फोन कर ना मग तूच," नवरा म्हणाला.

"मी काहून करू?"

मी कागद कपाटात साड्यांखाली ठेवला. कपाट उघडलं की कितीतरी दिवस झेंडूचा वास यायचा.

त्या शनिवारी मी जे केलं ते या खेळातल्या चुकांच्या यादीत वरच्या नंबरावर असतं. मोसमात एक-दोनदाच वापरायला एक खास सवलत मिळते: एका झटक्यात सगळा संघ बदला, गुण कापले जाणार नाहीत. शहाणी माणसं ती राखून ठेवतात. मी रागात वापरली. प्रमोदनं आणलेला प्रत्येक माणूस काढला, त्या ओघात माझेही गेले. बांबू गेला, डावऱ्या गेला. चौदा जणांवर मी एका दुपारी नांगर फिरवला. म्हाताऱ्यावर बोट गेलं, तिथं थांबलं.

पुढच्या शनिवारी पाहते तो डावऱ्या परत आलेला. बांबूही आलेला. एक बदल फुकट, दुसऱ्याचे चार गुण गेले. मी पुन्हा डावऱ्याला काढलं, चार गेले. कर्णधार बदलला. तासाभरानं पाहिलं तर त्यानं तो फिरवलेला. असे किती शनिवार गेले. एकमेकांशी एक शब्द न बोलता आम्ही दोघं एकाच संघावर बसून एकमेकांची माणसं उपटत होतो, आणि लाखो लोकांच्या त्या यादीत आमचं नाव आठवड्यागणिक खाली जात होतं. दिवाळी आली. भाऊबीजेला तो आला नाही, मी गेले नाही. मायला फोन करायची तेव्हा मागून त्याचा आवाज यायचा, पंप सुरू कर म्हणून कोणाला तरी ओरडताना. मी मायला विचारायची, जेवली का, गोळी घेतली का. तीही तेवढंच सांगायची.

आता लिहिताना लाज वाटते, पण त्या भांडणातही एक ऊब होती. बदल किती वाजता झाला हे फोनवर दिसायचं नाही, तरी मला अंदाज यायचा. दुपारी दोनच्या आत संघ हलला असेल तर बाजारात फुलं लवकर उठली. अगदी शेवटच्या पाच मिनिटांत हलला असेल तर मजूर आले नसतील, तोच तोडणीला लागला असेल. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना शेवंतीला फार मागणी असते. त्या आठवड्यांत तो कर्णधारही धड निवडायचा नाही, सामनाच नसलेल्या माणसाला घेऊन बसायचा. मी ते गुपचूप दुरुस्त करायची. रागात होते, तरी करायची.

संक्रांतीनंतर त्यानं हात लावणं बंद केलं. एक आठवडा गेला, दोन गेले. मी केलेले बदल तसेच राहू लागले. सुरुवातीला मला जिंकल्यासारखं वाटलं. मी वहीत उतरवलेलं सगळं करून पाहिलं: आठवड्याला एकच बदल, पुढचे सामने कोणाशी आहेत ते पाहून, राखीव गोलकीपर सोडला तर बाकावरची माणसंही खेळणारी, कर्णधार घरच्या मैदानावरचा. काही चुकत नव्हतं. मोसमातले सगळ्यात चांगले गुण त्या चार आठवड्यांतले आहेत, आमचं नाव भराभर वर चढत होतं.

आणि मला चैन पडेना. शनिवारी दुपारी संघ उघडायचा, काल ठेवला तसाच सापडायचा. कोणी येऊन गेल्याची खूण नाही. स्टाफरूममध्ये दहावीचे सराव पेपर तपासताना एकदा लक्षात आलं की त्यानं त्याचा वाटा मला देऊन टाकला आहे. कागद न करता, फुली न मारता. सगळा संघ माझ्या एकटीच्या नावावर झाला होता, आणि तो मला नको होता. पातूरच्या त्या वावरात एकटा उभा राहून त्याला काय वाटत असेल, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं. चार महिन्यांत तोवर एकदाही आलं नव्हतं. मी पोरांना सांगत असते की नुसतं उत्तर पाहू नका, पायऱ्या पाहा. भावाच्या बाबतीत मी नुसतं उत्तर तपासलं आणि शून्य दिलं.

फेब्रुवारीत म्हाताऱ्याचं बोट मोडलं. बॉल अडवताना. उजव्या हाताचं, करंगळीच्या शेजारचं. नावापुढे लाल खूण आली: या मोसमात परत येईल असं वाटत नाही. राखीव गोलकीपर तर कधीच न खेळणारा. म्हणजे गोलपोस्ट रिकामा. अशा वेळी एकच करायचं असतं, आणि ते न करणं ही इतकी ढोबळ चूक आहे की कोणी ती यादीत लिहीतसुद्धा नाही. शनिवारी दोन वाजता मी म्हाताऱ्याला काढलं आणि चांगला, धडधाकट गोलकीपर घेतला. बाबा नाहीत, प्रमोद पाहत नाही, आणि हा खेळ आहे, असं मी स्वतःला तीनदा समजावलं. मग चहा टाकला.

सव्वाचार वाजता पुन्हा चहा ठेवला आणि कर्णधार पाहून घ्यावा म्हणून संघ उघडला. गोलमध्ये म्हातारा उभा होता. लाल खुणेसकट. परत घेतल्याचे चार गुण कापलेले. बाकी कोणालाही धक्का लावलेला नव्हता. माझी चौदाच्या चौदा माणसं जिथल्या तिथं होती.

म्हणजे तो रोज येत होता. येऊन, पाहून, काही न करता जात होता. मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं रडले. चहा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार. कागद पर्समध्ये टाकला आणि पहिली एसटी धरली. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. तिथं गाडी बदलून पातूर. घरी पोहोचले तेव्हा माय ओट्यावर निशिगंधाच्या काड्या जुळवत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. प्रमोद वावरातून आला, मला पाहून दारातच थबकला.

"कवा आली?"

"आत्ताच."

तो हातपाय धुवून आला आणि मायच्या पलीकडे बसला. तिघांच्या मध्ये फुलांचा ढीग. मी कागद काढून ढिगावर ठेवला.

"हा पाठवला," मी म्हटलं. "तू काहून नाई आला?"

तो काड्या सारख्या करू लागला. मग म्हणाला, "फुलाईवरच्या शेडनेटच्या अनुदानाच्या फाइलले सातबारा लागत होता. सारे म्हने, बहिनीची हक्कसोड आत्ताच करून घे, मंग रायते. टाइप करून घेतला. दोन दिवस खिशात घेऊन फिरलो, ताई."

"मंग?"

"तुले तोंडावर कसं मांगू? तू नाई म्हटलं असतं त चाललं असतं." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "हो म्हटलं असतं त मी कुठी पायलं असतं?"

मी ढिगातली एक काडी उचलून मायच्या जुडीला लावली. माय म्हणाली, "तुमच्या बापानं फुलाईले चिंध्या बांधल्या. पोराईले बांधाची राहून गेली." आणि पुढची काडी उचलली.

त्या दिवशी आणखी काही झालं नाही. मी सही केली नाही, त्यानं मागितली नाही, कागद कोणी फाडलाही नाही. भाकरी खाल्ली. चारच्या गाडीला तो सोडायला आला, खिडकीपाशी उभा राहिला, आणि गाडी हलल्यावर हात वर केला. कागद माझ्या पर्समध्येच परत आला आणि पुन्हा साड्यांखाली गेला. समेट झाला असं म्हणण्यासारखं काही नव्हतं. फोन अधूनमधून होऊ लागले, मायच्या गोळ्यांबद्दल, पाण्याबद्दल. संघाचं नाव कोणीच काढेना.

पण मेपर्यंत आम्ही दोघांनीही म्हाताऱ्याला हात लावला नाही. दर शनिवारी मी संघ उघडायची, गोलमध्ये तो मोडक्या बोटाचा माणूस, लाल खूण, आणि आठवड्याच्या शेवटी त्याच्यापुढे शून्य. उरलेला मोसम आम्ही दहा जणांनी खेळलो. जेवढे वर चढलो होतो त्याहून खाली आलो. कुठल्याही जाणकारानं आमचा संघ पाहिला असता तर म्हणाला असता, यांनी खेळ सोडून दिला आहे. दर शनिवारी दोन माणसं तो संघ उघडून पाहत होती, हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं.

मे महिन्यात बातमी वाचली की म्हातारा निवृत्त झाला. त्याचं खरं नाव वाचताना क्षणभर लक्षातच आलं नाही की हा आमचाच. म्हणून यंदा फोन पालथा घातला होता. नव्या यादीत तो असणार नव्हता. ज्याला आम्ही दोघांनी धरून ठेवलं होतं ते बोटच सुटलं होतं. आता संघ उघडून काय दिसेल? सगळ्या जागा प्रमोदनं भरलेल्या, की सगळ्या रिकाम्या? दोन्हींची भीती वाटत होती.

परवाचा शनिवार. शाळेतून येऊन साडी बदलत होते तोच बेल वाजली. एक वाजून गेला होता. दारात प्रमोद. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, खांद्यावर ओल्या फडक्यात बांधलेला निशिगंध. बाबांचं दिवसकार्य आटोपून मी परतले तेव्हा मला पोचवायला आला होता, त्यानंतर या घरात तो आला नव्हता.

"माय बरी आहे ना?" माझ्या तोंडून पहिलं तेच निघालं.

"बरी आहे वं. तिले काय झालं." तो आत आला, निशिगंध मोरीजवळ ठेवला, हात पुसले, आणि खिशातून फोन काढून माझ्यापुढं धरला. "पाय."

नवा संघ होता. चौदा जागा भरलेल्या. बांबू होता. डावऱ्या होता, आणि मी गेल्या वर्षी हट्टानं आणलेले तिघंही होते. गोलमध्ये पहिली जागा रिकामी ठेवलेली, नुसती करडी चौकट.

"चिंधी कोनाले बांधाची?" तो म्हणाला.

पातूरहून अमरावती म्हणजे दोन गाड्या आणि अर्धा दिवस. त्यात श्रावण, फुलांचा धंद्याचा दिवस.

"हे इचाराले तू इतक्या दूर आला?" मी म्हटलं. "फोन कराचा ना."

"नाई," तो म्हणाला. "असं नाई इचारता येत." मग खाली पाहून पुटपुटला, "कळलं मले आता."

मी कपाटाकडे गेले. साड्यांखालचा तो कागद काढून आणला आणि त्याच्यापुढं धरला. केशरी डाग तपकिरी पडला होता. "हा न्यायचा आहे का? आज मी सही करून देते."

त्यानं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि या वेळी नजर काढली नाही. "शेडनेटचं काम तिघाईच्या सहीनं झालं असतं. मीच कोनाले धड इचारलं नाई. राहू दे नाव, ताई. मी ते मांगाले नाई आलो." त्यानं फोन पुन्हा पुढं केला. "गोलकीपर सांग."

घड्याळात पावणेदोन झाले होते. साडेतीनपर्यंत वेळ होता. मी त्याच्या हातातून फोन घेतला, टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "आधी जेवून घे. मग दोघं मिळून पाहू."